उपचारात्मक संवाद व संरक्षण यंत्रणा
उपचारात्मक संवाद म्हणजे मनोरुग्ण परिचर्येत रुग्णाशी हेतुपूर्वक साधलेला संवाद. हिल्डेगार्ड पेपलाऊ यांच्या १९५२ च्या ग्रंथाने त्याचा पाया घातला. या संवादात रुग्णाच्या संरक्षण यंत्रणा, म्हणजे मनाने स्वतःला त्रासापासून वाचवण्याच्या पद्धती, आड येतात; त्यांची सुसूत्र मांडणी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. नकार ही त्यांतील नेहमी दिसणारी. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी तो ‘मला काही झालेलं नाही, बाहेरचं आहे’ अशा शब्दांत येऊ शकतो. परिचारिकेने तेथे वाद घालू नये, होकारही देऊ नये. ‘रात्री झोप लागते का? भीती कशाची वाटते?’ असे विचारून थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड. ‘सगळं ठीक होईल’ हा घाईचा दिलासा रुग्णाचे बोलणे तोडतो. शेवगावच्याच जिल्ह्यात डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था निराधार मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. टेली-मानस मदतवाहिनी (१४४१६) विनामूल्य, चोवीस तास उपलब्ध आहे.