शॅम्पनेल : काळ्या मातीतील टेक्सासचे द्राक्ष

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर सीमेवर, रेड नदीच्या काठी डेनिसन नावाचे गाव आहे. तेथील ग्रेसन महाविद्यालयाच्या आवारात १९७४ साली द्राक्षवेलींचे एक स्मारक-उद्यान उभे राहिले. थॉमस व्होल्नी मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने निर्माण केलेले वाण शोधून आणून तेथे पुन्हा लावण्यात आले. आज जतन होत असलेल्या या साठहून अधिक वाणांपैकी 'शॅम्पनेल' हा एक महत्त्वाचा संकरित वाण होय.

मन्सन यांचा जन्म १८४३ साली इलिनॉय राज्यात झाला. नेब्रास्कामध्ये त्यांनी द्राक्षांवर प्रयोग आरंभले. परंतु टोळधाड आणि कडाक्याची थंडी यांमुळे ते फसले. १८७६ मध्ये ते डेनिसनला स्थायिक झाले. आसपासच्या रानांत वाढणाऱ्या जंगली द्राक्षवेली पाहून, येथील हवामानाला टिकणारे द्राक्ष येथल्याच वेलींच्या रक्तातून घडवावे लागेल, अशी त्यांची खात्री पटली. रेल्वेने आणि घोड्यावरून हजारो मैलांचा प्रवास करून त्यांनी जंगली वेलींचे नमुने गोळा केले आणि सुमारे तीनशे नवे वाण तयार केले. या कार्याचे सार त्यांनी १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९१३ मध्ये डेनिसन येथेच त्यांचे निधन झाले.

शॅम्पनेलचा जन्म १८९३ मधील. त्याचे एक पालक 'व्हिटिस शॅम्पिनी' ही टेक्सासमधील चुनखडीच्या प्रदेशात आढळणारी जंगली जाती. फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ शॅम्पँ यांच्यावरून तिचे नाव पडले आणि जातीच्या याच नावावरून वाणाचेही. दुसरा पालक न्यूयॉर्क राज्यातील 'वर्डन' हा वाण. तो सुप्रसिद्ध 'काँकर्ड' द्राक्षाच्या बियांपासून वाढवलेला. जंगली पालकाकडून शॅम्पनेलला काटकपणा मिळाला, तर वर्डनकडून टपोरे फळ. याचे मणी काळे असून घड विरळ असतात. चव आंबटसर असल्याने हे द्राक्ष नुसते खाण्यापेक्षा रस आणि जेली यांसाठी अधिक वापरले जाते. वेलीची वाढ इतकी जोमदार की, टेक्सासमध्ये अंगणातील मांडवावर ती आवडीने चढवली जाते.

शॅम्पनेलचे खरे मोल मात्र फळात नसून त्याच्या सहनशक्तीत आहे. चुन्याचे प्रमाण जास्त असलेली काळी, चिकण माती, तीव्र उन्हाळा आणि पाण्याचा ताण हे सारे तो सोसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिअर्स रोगापुढे तो सहसा हार मानत नाही. या रोगाचे जिवाणू रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत वेलीत शिरतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करतात. युरोपीय द्राक्षाची वेल त्यामुळे काही वर्षांतच वाळून जाते.

१९२० ते १९३३ या काळातील राष्ट्रीय दारूबंदीने अमेरिकेतील वाइन उद्योगाचा कणा मोडला आणि मन्सन यांचे अनेक वाण विस्मृतीत गेले. येथे द्राक्षाचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. बी पेरून द्राक्षाचा मूळ वाण परत मिळत नाही. प्रत्येक बीतून निराळीच वेल उगवते. वाण टिकतो तो केवळ काडीतून. म्हणून शेवटची वेल वाळली की वाण कायमचा संपतो. धान्याचे बियाणे कोठारात ठेवता येते. द्राक्षाच्या वाणासाठी जिवंत वेल दरवर्षी छाटावी आणि जोपासावी लागते. वेलींच्या संग्रहांना अनन्यसाधारण महत्त्व आहे ते याचसाठी.

जंगली वेलींचे हे मोल जगाला पहिल्यांदा पटले ते फ्रान्सवरील संकटात. मुळांतील रस शोषणाऱ्या फायलोक्झेरा या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपीय द्राक्षाचे कलम करणे हाच उपाय होता. पण चुनखडीच्या जमिनीत तग धरणारे खुंट सापडत नव्हते. त्यांच्या शोधात १८८७ साली पियरे व्हियाला अमेरिकेत आले, तेव्हा मन्सन यांनी त्यांना टेक्सासच्या चुनखडीतील वेलींकडे वळवले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने मन्सन यांना कृषिसन्मान बहाल केला.

या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदारांना 'डॉगरीज' हा खुंट सुपरिचित आहे. क्षारयुक्त पाणी आणि अवर्षण यांमुळे स्वतःच्या मुळांवरील बागा खालावू लागल्या, तेव्हा १९९० च्या दशकापासून हा खुंट येथे झपाट्याने पसरला. डॉगरीज हीदेखील शॅम्पिनी जातीतीलच मन्सन यांनी निवडलेली वेल. टेक्सासच्या बेल परगण्यातील डॉग रिज या टेकडीवरून तिला नाव मिळाले. म्हणजे आपल्याकडील थॉम्पसन सीडलेसचे कित्येक घड शॅम्पनेलच्या गोतातील मुळांवर पोसले जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी विकसित केलेल्या 'एआरआय-५१६' या संकरित वाणाचाही एक पालक 'कटाबा' हा जुना अमेरिकन वाणच आहे.

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही देशविदेशांतील द्राक्षवाणांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांतील बहुतेक वेलींना बाजारात गिऱ्हाईक नाही. मात्र क्षार, दुष्काळ किंवा एखादा नवा रोग बागेत शिरतो, तेव्हा त्याला तोंड देणारा गुण या वेलींतच शोधावा लागतो. डॉगरीजची काडी त्या काळी कोणी जपली नसती, तर महाराष्ट्रातील बागायतदाराला ती अडचणीच्या वेळी मिळाली नसती.