मुदत टळलेला अर्ज

जून-जुलै महिन्यांत पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज तपासून घेण्याचे काम आम्हां अध्यापकांच्या वाट्याला येते. अर्ज आता संगणकावर भरले जातात. पण कागदपत्रांची पडताळणी, सह्या, शिक्के, झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे यांतून सुटका नाही. या कामात एक प्रसंग दरवर्षी घडतो. बी.ए. होऊन तीन-चार वर्षे लोटलेला विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी समोर उभी असते. सर्व कागद नीट लावलेले असतात, आणि शेवटी ‘खंड प्रमाणपत्र’ आपल्या हाती देताना तिचा आवाज एकदम खाली येतो. मधल्या वर्षांत शेती केलेली असते, कुणी दुकानात काम केलेले असते, कुणाच्या घरी आजारपण झालेले असते, कुणाचे लग्न. ‘गॅप’ हा शब्द ही मुले गुन्हा कबूल केल्यासारखा उच्चारतात.

याच विद्यार्थ्यांना आम्ही पुढे दलित साहित्याची प्रश्नपत्रिका शिकवतो आणि पहिल्याच तासाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा उल्लेख करतो. तो उल्लेख पदव्यांच्या माळेसारखा असतो : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. असामान्य बुद्धी आणि असामान्य कष्ट, असा त्याचा अर्थ आम्ही सांगतो. हा अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. पदव्या हा प्रवासाचा शेवट असतो. शेवटाकडून पाहिले की वाट सरळ दिसते. तीच वाट अर्जांच्या बाजूने पाहिली तर तिच्यात खंड दिसतात, मुदती दिसतात, इतरांच्या सह्या दिसतात, आणि एके ठिकाणी चक्क वेळेवर न पोहोचलेला फॉर्मही दिसतो. प्रस्तुत लेखात ही दुसरी बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे.

‘अर्ज’ हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि दप्तरांतून स्थिरावला. अर्ज करणे म्हणजे वरच्याच्या कानी आपले म्हणणे घालणे. ‘अर्जदार’ या शब्दाला आजही किंचित वाकलेल्या पाठीचा वास येतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेता आली नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, बी.ए.लाही त्यांचे भाषाविषय इंग्रजी व फारसी हेच होते. ज्याला एका भाषेचे दार बंद झाले तो दुसऱ्या भाषेच्या दाराने आत गेला, आणि त्या दुसऱ्या भाषेने मराठीला दिलेल्या या शब्दाशी त्याचा पुढे दहा वर्षे संबंध आला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. याच केळूसकरांनी पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे ज्याला आपण पहिला अर्ज म्हणू तो अर्जदाराने एकट्याने केलेला नव्हता. मराठीत शिवचरित्र लिहिणारा एक शिक्षक त्यात मध्यस्थ होता. शिफारशीला आज वाईट अर्थ चिकटला आहे. पण ज्याच्या घराण्यात कुणाचीही कुठल्या दरबारात ओळख नाही, त्याच्यासाठी कुणीतरी दार वाजवणे हाही शिफारशीचाच एक प्रकार आहे.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि २ फेब्रुवारीला त्यांचे वडील सुभेदार रामजी वारले. त्यानंतर चार महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, बडोदे संस्थानाबरोबर करार झाला. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. त्याबदल्यात ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे गहाण पडली होती, असे कुणाला वाटेल. पण मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या महार कुटुंबातील मुलाला त्या काळी न्यूयॉर्कला जाण्याचा दुसरा मार्ग कोणता होता?

जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहण्यासारखी आहे : अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानवशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. शिष्यवृत्तीची मुदत ठाऊक असलेल्या माणसाची ही यादी आहे. १९१५ मध्ये एम.ए. झाले, ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, नोव्हेंबरात ग्रेज इनमध्ये दाखल झाले.

लंडनच्या या संस्थेने आपल्या अभिलेखागारातील त्यांच्या विद्यार्थी-नस्तीचे काही तपशील प्रसिद्ध केले आहेत. त्यांवरून दिसते की तेथे त्यांनी मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोएस डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार, हॉबहाउस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती हे विषय घेतले. अभ्यासक्रमाची फी दहा पौंड दहा शिलिंग होती. बडोद्याच्या एका महिन्याच्या रकमेपेक्षाही ती थोडी कमीच. फी हा कधीच खरा अडथळा नव्हता. अडथळा होता तो उरलेल्या महिन्यांचा. वाढवून मिळालेली शिष्यवृत्तीची मुदतही संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून परत येण्याचे बोलावणे आले.

अभ्यासाचा हा डाव अर्ध्यावर मोडला तेव्हा लंडन विद्यापीठाने जुलै १९१७ मध्ये त्यांना चार वर्षांपर्यंतच्या गैरहजेरीची परवानगी दिली. चरित्रग्रंथांत या परवानगीला एखादे वाक्य मिळते. आम्हांस मात्र ती या सर्व कथेतील मध्यवर्ती घटना वाटते. ती नसती तर १९१७ साली लंडनचा अध्याय संपला होता. ती होती म्हणून तो ‘खंड’ ठरला. अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाचे काय व्हायचे, हे पुष्कळदा विद्यार्थ्याच्या जिद्दीइतकेच असल्या एका ओळीच्या कागदावर अवलंबून असते.

त्या खंडात काय काय घडले? सामान घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले. बडोद्यात कचेरीत अपमान, राहायला जागा नाही, नाव लपवून पारशी वसतिगृहात काढलेले दिवस आणि काठ्या घेऊन आलेला जमाव. दहा वर्षांच्या कराराची नोकरी काही दिवसांतच सुटली. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे अध्यापन. साउथबरो समितीपुढे साक्ष. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला म्हणून पगारातून शिल्लक पडली. शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चारपैकी तीन वर्षे उलटली होती. या तीन वर्षांचे ‘खंड प्रमाणपत्र’ कुणी मागितले असते तर त्यात काय काय लिहावे लागले असते, याची कल्पना करून पाहावी.

१९२० चा अर्ज एम.एस्सी. पूर्ण करण्यासाठी होता. फी एका गिनीने वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे शिफारस केली. फॉक्सवेल यांची समजूत अशी झाली की हा गृहस्थ डॉक्टरेट मिळवूनच आला आहे, त्याला येथे जिंकण्यासारखे आता काही उरलेले नाही. आणि तसे त्यांनी संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना कळवलेही. वस्तुतः कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून प्रती सादर झाल्यावर, १९२७ मध्ये, रीतसर मिळाली. म्हणजे कौतुकाच्या पोटीसुद्धा अर्जदाराची वाट अडू शकते. आम्हां शिक्षकांना हा धडा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

यानंतर येतो एप्रिल १९२१. उन्हाळी परीक्षेचा फॉर्म आंबेडकरांनी वेळेत पाठवलाच नाही. फॉर्म उशिरा स्वीकारावा म्हणून मिसेस मेअर यांना विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे पत्र लिहावे लागले. याच महिन्यात, २९ एप्रिलला, जर्मनीतील बॉन विद्यापीठात त्यांच्या नावाची नोंद झालेली आहे. त्या अर्जासोबतचा आत्मपरिचय त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात जर्मन भाषेत लिहिला होता. कोलंबियातील प्राथमिक जर्मनचा तो एक अभ्यासक्रम येथे कामी आला. बॉनमध्ये हजर राहणे त्यांना जमले नाही, आणि पुढे ते नाव तेथील पटावरून कमी झाले. एकीकडे एका देशातील परीक्षेचा फॉर्म राहून गेलेला, दुसरीकडे दुसऱ्या देशातील प्रवेश. बॅरिस्टरीचा अभ्यास चालूच. खिशात उसने पैसे. एका माणसाच्या टेबलावर एका महिन्यात किती अर्ज पडले असतील!

लंडनचा तो उशिराचा फॉर्म स्वीकारला गेला असला पाहिजे, कारण जून १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. १९२३ च्या मार्चमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध स्वीकारण्याची शिफारस झाली नाही. परीक्षकांना तो फार साम्राज्यविरोधी वाटला असे सांगितले जाते. परंतु विद्यार्थी-नस्तीत तसे काही आढळत नाही, असे त्या संस्थेने नमूद केले आहे. एप्रिलमध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी प्रबंध सुधारला, ऑगस्टमध्ये पुन्हा सादर केला, नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. मार्गदर्शक कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले.

या सर्व हकिकतीतून बाबासाहेबांचे कर्तृत्व उणे होते काय? आमच्या मते उलट ते अधिक स्पष्ट दिसते. नुसत्या अलौकिकतेची कथा ऐकणाऱ्याला हात जोडायला लावते. तिच्यात आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही. अर्जांची कथा मात्र प्रत्येकाला त्याचे काम दाखवते. केळूसकरांनी शब्द टाकला, सेलिग्मननी पत्र लिहिले, भथेनांनी पैसे दिले, विद्यापीठाने चार वर्षे दार उघडे ठेवले, सचिवबाईंनी एका फॉर्मसाठी पत्र लिहिले. यांतले कुणीही एकट्याने इतिहास घडवला नाही. पण यांतले एक जरी माणूस त्या त्या दिवशी ‘नियमात बसत नाही’ म्हणून थांबले असते, तर?

ज्याने ही वाट चालून पाहिली त्याने पुढे काय केले, हेही पाहिले पाहिजे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ साली, बाबासाहेबांनी अस्पृश्य वर्गाची गाऱ्हाणी मांडणारे निवेदन सरकारला सादर केले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी तरतुदीची मागणी केली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९१३ साली एका महाराजांच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट तीस-एकतीस वर्षांत सरकारी योजनेतील हक्क झाली. अर्जदाराची वाकलेली पाठ सरळ करण्याचे काम या काळात घडले. मराठी आत्मकथने लिहिणारी पहिली पिढी यांपैकीच काही महाविद्यालयांच्या आवारात वाढली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी अर्जाची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी आला होता. बस चुकली, असे तो म्हणाला. आम्ही त्याला सूचनाफलकावरील तारीख दाखवली. तारीख बरोबर होती. तो वाद न घालता परत गेला आणि पुढच्या वर्षीही आला नाही. वर पत्र लिहिता आले असते. पत्राला नकार मिळाला असता, कदाचित होकारही. आम्ही ते लिहिले नाही, आणि त्याच आठवड्यात वर्गात ‘मूकनायक’ शिकवला.

नियम असावेत, तारखा असाव्यात. त्यांच्याशिवाय वशिल्याचे राज्य येते आणि त्यात पहिला बळी त्याच विद्यार्थ्याचा जातो. पण नियमांतच उशिरासाठी, खंडासाठी, परत येण्यासाठी जागा असते, आणि ती जागा शोधण्याचे कष्ट कुणीतरी घ्यावे लागतात. १९२१ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका कचेरीत ते घेतले गेले. यंदा खंड प्रमाणपत्र हातात देताना कुणाचा आवाज खाली गेला, तर १९१७ ते १९२० ही तीन वर्षे त्याला किंवा तिला सांगायची, एवढे आम्ही आपापसांत ठरवले आहे. पत्राचा कागदही या वेळी टेबलावरच ठेवणार आहोत.