जोते आणि पुराची रेघ

गोदाघाटावरील ज्या पटांगणात आपण वसंतात व्याख्याने ऐकतो, तेच पटांगण पावसाळ्यात गोदावरी कधी कधी पोटात घेते. तेव्हा घरात नि जागेत पैसा घालण्याचा विचार नाशिककराने येथूनच सुरू करावा, हे उचित होय. आजच्या जाहिरातींत ‘एलेव्हेशन’ म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, एवढाच अर्थ उरला आहे. जुन्या नाशिककराला त्याआधी दुसरा प्रश्न पडे : जागा पाण्यापासून किती उंच?

नव शिखांवर वसले म्हणून नाशिक, अशी गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, म्हसरूळ टेक किंवा डिंगरआळी चढून जाणाऱ्याचे गुडघे तिची साक्ष देतात. जुनी वस्ती टेकांवर चढली, ती काही हौसेने नव्हे. पाणी खालून वाहून आणण्याचे कष्ट तिने पत्करले. पण घरात नदी शिरू दिली नाही.

मग सराफ बाजार आणि भांडी बाजार सखल भागात कसे? उत्तर सोपे आहे. यात्रेकरू येतो घाटावर, आणि गिऱ्हाईक जेथे, दुकान तेथे. रोजच्या मिळकतीसाठी व्यापाऱ्याने अधूनमधूनच्या पुराचा धोका जाणून पत्करला. त्यावरचा उपाय त्याने इमारतीतच शोधला : खाली दगडी जोते आणि दुकान, वर बिऱ्हाड आणि माल हलविण्यास माळा. घाटावरचा दुतोंड्या मारुती हे त्याचे मोजमाप. पाणी मारुतीच्या पायांवरून गुडघ्याला, कमरेला, छातीला चढत चालले की बाजार सावध होतो.

सखल जागी टिकायचे तर बांधणी तशी हवी, हे पंचवटीतले १७४७ सालचे नारोशंकराचे देऊळ दाखविते. किती तरी पुरांनी त्यास वेढले. पाषाणाचे ते काम उभेच आहे. विटा, माती आणि लाकूड यांच्या वाड्याला हे धाडस परवडत नाही.

पण नुसती उंचीही तारीत नाही. मातीच्या गढीवर १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षांच्या वस्तीचे थर हाती आले. पुरापासून सुरक्षित अशी ती उंची. परंतु ती खडकाची नव्हे, मातीची. नदीकडची तिची कड पावसात ढासळते, आणि कडेच्या घरांना दर पावसाळ्यात घोर लागतो. जागा किती उंच, याइतकेच ती कशावर उभी, हेही पाहावे लागते.

१९६५ मध्ये गंगापूर धरण पुरे झाले, आणि नदी आता आवरली असे अनेकांस वाटले. १९६९ च्या पुराने तो भ्रम चारच वर्षांत दूर केला. तरीही शहर नदीकाठाकडे सरकत राहिले. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने आपली जागा पुन्हा दाखवून दिली. धरण पाणी साठविते. पण भरलेल्या धरणास ते सोडावेही लागते, आणि धरणाखालच्या पावसावर तर त्याची सत्ताच नाही.

आता नकाशावर दोन रेघा असतात. निळी, सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तांबडी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत मोकळ्या जागी नवे बांधकाम सामान्यतः निषिद्ध. दोहोंच्या मध्ये जोते तांबड्या रेघेच्या पातळीवर उचलूनच बांधायचे. शंभर वर्षांतून एकदा, याचा अर्थ पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त, असा मात्र नव्हे. तो पूर याच पावसाळ्यातही येऊ शकतो.

सामान्य कुटुंब आयुष्यात एकदाच घर घेते, आणि तेही बहुधा कर्ज काढून. रेघेच्या आतली स्वस्त सदनिका त्यास मोहवील; पण तळमजल्यात पाणी शिरले तरी हप्ता थांबत नाही, आणि विकू गेल्यास गिऱ्हाईकही तोच नकाशा मागते. म्हणून दर्शनी सज्जे नि रंग पाहण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या : भूमी कोणत्या रेघेत आहे, जोते किती उंच आहे आणि पाया कशावर आहे. आपल्या पणज्याने त्या मारुतीकडे पाहून विचारल्या होत्या. आपण नकाशाकडे पाहून विचारू, एवढाच काय तो फरक.