निद्रेचें अधिष्ठान

निद्रा म्हणजे इंद्रियांच्या व्यापारांची केवळ निवृत्ति. दिव्यांतील तेल सरलें कीं ज्योत जशी विझते, तद्वत् दिवसभराच्या श्रमानें मेंदू आपोआप स्तब्ध होतो, अशी समजूत विद्वज्जनांतही दीर्घकाळ रूढ होती. तिला जबर धक्का बसला तो कोणा तत्त्ववेत्त्याच्या युक्तिवादानें नव्हे, तर एका भयंकर साथीनें. वैद्यकाच्या इतिहासांतील हें प्रकरण आमच्या वाचकांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१६-१७ च्या हिवाळ्यांत, व्हिएन्ना येथील मनोविकार-चिकित्सालयांत चमत्कारिक रोगी येऊं लागले. घांस तोंडांत असतांनाच कित्येकांचा डोळा लागे. हांक मारतां ते जागे होत, सुसंगत उत्तर देत, आणि पुनः निद्राधीन होत. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो या वैद्यानें १९१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु याच साथींत कांहीं रोगी असेही होते कीं, थकून गेले तरी त्यांस झोंप म्हणून येत नसे. एकाच रोगाचीं हीं परस्परविरुद्ध लक्षणें कां? मृतांचे मेंदू तपासतां उलगडा झाला. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. त्याचा मागचा अंश जेथें मध्यमेंदूस मिळतो तेथें इजा झालेले रोगी झोंपाळू बनले होते. पुढच्या अंशास इजा झालेल्यांची झोंप उडाली होती. यावरून इकोनोमोनें अनुमान काढलें कीं, जागृतीप्रमाणेंच निद्रेचेंही मेंदूंत स्वतंत्र ठिकाण असलें पाहिजे. पूर्वीच्याच उपमेनें बोलावयाचें तर, दिवा तेलाअभावीं विझत नसून मेंदूच तो मालवितो.

इकोनोमो १९३१ सालीं निवर्तला. त्याचें अनुमान मात्र कसोटीस उतरत गेलें. १९४६ सालीं नाउता यानें उंदरांवरील प्रयोगांनीं त्यास पुष्टि दिली. १९४९ सालीं मोरुझी व मॅगून यांनीं मांजरांच्या मस्तिष्कस्तंभांतील जाळीदार भाग विद्युत्प्रवाहानें चेतविला, तेव्हां मेंदूंतील निद्रेच्या लहरी पालटून जागृतीच्या झाल्या. १९९६ सालीं हायपोथॅलॅमसच्या पुढच्या अंशांत अशा पेशी आढळल्या कीं, त्या मुख्यतः निद्राकालीं कार्य करितात व जागृतीच्या केंद्रांस आवरून धरितात.

मेंदूनें हा खटाटोप कशासाठीं करावा? १८९४ सालीं मारी मानासेइन या रशियन विदुषीनें कुत्र्याचीं पिलें सतत जागतीं ठेविलीं. थोड्याच दिवसांत तीं मेलीं. वीसपंचवीस दिवस उपाशी राहिलेलें जनावर शुश्रूषेनें वांचूं शकतें, हेंही तिनें नमूद केलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत शिकागो येथें रेक्टशाफेन याच्या प्रयोगशाळेंत जागते ठेविलेले उंदीर सुमारें दोनतीन आठवड्यांत दगावले. शिवाय दिवसा शिकलेलें स्मृतींत दृढ होण्यास झोंपेचें साहाय्य लागतें, हेंही आतां सिद्ध झालें आहे.

असें असतां, परीक्षेसाठीं रात्रीचा दिवस करणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही अद्याप तपस्व्याचा मान देतों! जें तो जागून मिळवितो, तें सांठविण्यास मेंदूला अवसरच उरत नाहीं. त्या साथींतील पुष्कळ रोगी मेले. वांचलेल्यांपैकीं कित्येकांस पुढें कंपवातासारखा विकार जडला. त्यांच्या यातनांतून हातीं आलेलें हें ज्ञान निदान आमच्या शाळाकॉलेजांच्या वेळापत्रकांत तरी उतरावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.