भगोरिया आणि पाहुणे

इंदूरच्या तुकोगंजातून होळीपूर्वी झाबुआ-अलीराजपूरकडे भगोरिया पाहावयास जाणाऱ्यांना तो ‘पळून जाण्याचा उत्सव’ असल्याचे सांगितले जाते. आम्हांस हे मान्य नाही. भगोरिया म्हणजे भिल्ल-भिलाल्यांचे होळीपूर्व आठवडी बाजार. खरेदी, ढोल-मांदळ, बासरी, नृत्य. भगोर गावावरून हे नाव पडले, असेही सांगतात. तेथे एखादा विवाह जुळतही असेल; परंतु तेवढ्यावरून परक्या मुलींवर कॅमेरा रोखण्याची सनद कोणी दिली? पिठोरा तर नवसाची पूजा. भिंत रंगली तरी बडव्याच्या विधीवाचून ती अपुरीच. २०२१ साली पद्मश्री लाभलेल्या झाबुआच्या भूरीबाईंसारख्यांची चित्रे खुशाल विकत घ्यावीत. भिंतीवरच्या देवाकडे मात्र बोलावल्याखेरीज जाऊ नये. आमच्या गाभाऱ्यात कोणी कोठवर यावे हे पुजारी ठरवितो. भिल्लाच्या ओसरीवर ते घरधन्याने ठरवावे.