दलाली केव्हा देय होते? बसवनगुडीतील एका घराच्या निमित्ताने

1898 मध्ये बंगळुरात प्लेगची साथ आली. जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी म्हैसूर संस्थानाच्या सरकारने मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वसाहती आखल्या. अशा वसाहतींतील घरे पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली, की मध्ये दलाल येतो आणि त्याच्याबरोबर दलालीचा वादही.

एक उदाहरण घेऊ. समजा, बसवनगुडीत तुमचे वडिलोपार्जित घर आहे. दलालाने ग्राहक आणला, घर दाखवले, किंमत जवळजवळ ठरली. तेवढ्यात तुम्ही ‘सध्या विकायचे नाही’ असे सांगितले आणि तीन महिन्यांनी त्याच ग्राहकाला घर थेट विकले. दलाली द्यावी लागेल का? उत्तर देण्याआधी कायद्याचा इतिहास पाहू.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 219 नुसार, वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. कलम 220 नुसार, कामात गैरवर्तन करणाऱ्या अभिकर्त्याला त्या भागाचा मोबदला मिळत नाही. मात्र ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, ग्राहक आणणे की खरेदीखत होणे? बहुतेक वादांचे मूळ या प्रश्नात आहे.

इंग्लंडमधील ‘लक्सर (ईस्टबोर्न) विरुद्ध कूपर’ (1941) हा खटला सिनेमागृहांच्या विक्रीचा होता. विक्री पूर्ण झाल्यावर 10,000 पौंड दलाली, असे ठरले होते. खरेदीदार तयार असताना मालकांनी माघार घेतली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने दलालाचा दावा फेटाळला. करारात नसलेली अट न्यायालय सहज घालत नाही; विक्री झाली नाही, तर दलालाची मेहनत वाया जाण्याचा धोका त्याने स्वतःच पत्करलेला असतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1950 मध्ये ‘अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर’ हा खटला आला. कलकत्त्यातील घरासाठी मालकाने मे 1943 मध्ये लेखी अधिकार दिला होता: एक लाख रुपयांचा खरेदीदार मिळवून दिल्यास 1,000 रुपये आणि जास्त किमतीवर वाढीव मोबदला. दलालाने 1,10,000 रुपये देणारे खरेदीदार आणले. मालकाने अधिकार काढून घेतला आणि नंतर घर त्याच खरेदीदारांकडे गेले. दलालाला मालकाच्या वतीने विक्रीचा बंधनकारक करार करण्याचा अधिकार नव्हता, तरी खरेदीदार मिळवण्याचे काम त्याने केले होते. म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला.

दोन्ही निकालांत विरोध नाही. एका करारात ‘विक्री पूर्ण झाल्यावर’ असे शब्द होते, दुसऱ्यात ‘खरेदीदार मिळवून दिल्यास’. निर्णय शब्दांनी ठरला.

2016 च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील दलालांना नोंदणी बंधनकारक केली. पण त्याने दलालीचा दर ठरवला नाही आणि जुन्या घराची फेरविक्री सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे आजही 1872 चाच कायदा चालतो.

आता आपल्या उदाहरणाकडे वळा. ग्राहक त्याच दलालाने आणला आणि विक्री त्यामुळेच झाली हे सिद्ध झाले, तर केवळ मधला काळ गेला म्हणून तुमची सुटका होणार नाही. पण बोलणे तोंडीच झाले असेल, तर ते सिद्ध करणे दलालाला जड जाईल. म्हणून घर दाखवण्यापूर्वीच चार ओळी लिहून घ्या: दलाली किती, कोणी द्यायची, कोणत्या टप्प्यावर आणि अधिकार किती दिवसांचा.