ओझ देशाचीं बंद दारें

कथा कोठें सुरू करावी हें लेखकाच्या हातीं असतें. ती कोठें संपवावी हें मात्र नेहमींच त्याच्या हातीं राहतें असें नाहीं. आर्थर कॉनन डॉइलनें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरींत लोटून दिलें, आणि दहा वर्षांनीं, १९०३ सालीं, त्याला त्या दरींतून सुखरूप वर काढणें डॉइलला भाग पडलें, ही हकीकत आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. आज मी जी हकीकत सांगणार आहें ती एका अमेरिकन बालकथाकाराची आहे. त्यानें आपला नायक मारला नाहीं. त्यानें एक सबंध देशच जगाच्या दृष्टीआड केला. तरीहि तो सुटला नाहीं.

लायमन फ्रँक बॉम हें त्याचें नांव. १९०० सालीं शिकागो येथें त्याचें ओझच्या जादूगाराचें पुस्तक निघालें. कॅन्ससच्या उजाड माळावरील डोरथी नांवाची मुलगी वावटळींत घरासकट उडून ओझ नांवाच्या अद्भुत देशांत पडते, आणि बुजगावणें, पत्र्याचा लांकूडतोड्या व भित्रा सिंह यांच्या संगतीनें घरची वाट शोधते, ही ती कथा. १९३९ सालच्या रंगीत बोलपटामुळें ती पुस्तक न वाचलेल्यांनाहि परिचित झाली. बॉमच्या मनांत आरंभीं मालिका नव्हतीच. परंतु १९०२ सालीं या कथेचें संगीत नाटक रंगभूमीवर आलें व तें धूमधडाक्यानें चाललें. मुलांचीं पत्रें येऊं लागलीं. १९०४ सालीं दुसरें पुस्तक आलें, आणि मग १९०७, १९०८ व १९०९ सालीं एकेक. चौथ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंतच तो कबूल करतो कीं, सांगण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आपणाजवळ आहेत, पण मुलें ओझचा नाद सोडूं देत नाहींत. सूर लाडिक तक्रारीचा आहे. मला मात्र त्यांत थकवा ऐकूं येतो.

१८५६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें लेखक होण्यापूर्वीं नट, जातिवंत कोंबड्या पाळणारा, वंगणाचा व्यापारी, दुकानदार, संपादक आणि चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता अशीं नाना सोंगें घेतलीं होतीं. पैसा हातीं येई, पण टिकत नसे. १९०८ सालीं त्यानें चलच्चित्रें, रंगीत काचचित्रें, वाद्यवृंद आणि स्वतःचें निवेदन यांचा एक अवाढव्य खेळ सिद्ध केला. त्याच्या नांवांत ‘रेडिओ-नाटकें’ असा शब्द होता. ध्वनिक्षेपण ऐकणाऱ्या आपणां मंडळींना याचें कुतूहल वाटेल. परंतु तेथें रेडिओचा अर्थ हातानें रंगविलेलें चलच्चित्र एवढाच होता. आपल्या अर्थाचा रेडिओ घरांत येण्यास अजून बारा-चौदा वर्षें होतीं. प्रेक्षक येत, टाळ्या वाजवीत. पण खर्चच एवढा कीं मिळकतीनें तो भागत नसे. डिसेंबरांत खेळ बंद पडला. कर्ज राहिलें.

‘ओझची पाचूनगरी’ हें १९१० सालचें सहावें पुस्तक या कर्जाच्या छायेंत लिहिलेलें आहे, आणि नवल असें कीं कथाहि कर्जापासूनच सुरू होते. वावटळींत उडालेल्या घराच्या जागीं नवें घर बांधण्यासाठीं डोरथीच्या हेन्रीकाकांनीं शेत गहाण टाकलेलें आहे, कर्ज फिटत नाहीं, आणि पेढीवाला शेत घेण्यास टपला आहे. परीकथेंत राक्षस शोभतो, पेढीवाला शोभत नाहीं. पण बॉमनें १८८८ पासून जवळजवळ तीन वर्षें डाकोटांतील अ‍ॅबर्डीन या गांवीं काढलीं होतीं. अवर्षण, बुडालेले शेतकरी आणि त्यांच्याबरोबर बुडालेलें स्वतःचें दुकान त्यानें पाहिलें होतें. डोरथी काका-काकूंना कायमचें ओझमध्यें नेते. तेथें पैसाच नाहीं, म्हणून गरीबहि नाहींत. पाचूनगरींत ९,६५४ इमारती व ५७,३१८ माणसें आहेत, असें बॉम शिरगणतीच्या अधिकाऱ्याच्या थाटांत सांगतो. ज्याचा स्वतःचा जमाखर्च जन्मांत जमला नाहीं त्याच्या लेखणींतून हे बिनचूक आंकडे उतरावेत, याची मला मौज वाटते.

इकडे काका-काकू नव्या वैभवाला बिचकत असतांना तिकडे पाताळांतील नोम लोकांचा राजा रोकाट जुन्या अपमानाचा सूड घेण्यासाठीं वाळवंटाखालून भुयार खणीत असतो. दुष्ट जमातींच्या सेना त्याला येऊन मिळतात. ओझ लुटावें आणि तेथील लोकांना गुलाम करावें, असा त्यांचा बेत. राणी ओझ्मा लढण्यास साफ नकार देते. शत्रु कितीहि दुष्ट असला तरी त्याचा जीव घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं, ही तिची भूमिका; मग स्वतःचा नाश झाला तरी चालेल. अखेर बुजगावण्याला युक्ति सुचते. भुयारांत धूळ भरावी; तहानेनें व्याकुळ झालेले आक्रमक वर येतांच समोरच्या विस्मृतीच्या कारंज्याचें पाणी पितील. तसेंच घडतें. पाणी पोटांत जातांच आपण कशासाठीं आलों हें सारे विसरतात, आणि लहान मुलांसारखे निष्पाप होऊन घरीं परततात.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें मला आवश्यक वाटतें. हें पुस्तक निघण्यापूर्वीं वीस वर्षें बॉम अ‍ॅबर्डीन येथें एक साप्ताहिक चालवीत होता. डिसेंबर १८९० मध्यें सू जमातीचा पुढारी सिटिंग बुल मारला गेला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला वुंडेड नी येथें अमेरिकन सैन्यानें बायकामुलांसह त्या जमातीच्या लोकांची कत्तल केली. या दोन्ही प्रसंगीं बॉमनें आपल्या अग्रलेखांतून लिहिलें कीं, उरलेल्या मूळ रहिवाशांचा समूळ संहार करावा. २००६ सालीं त्याच्या वंशजांनीं सू लोकांची क्षमा मागितली. ज्या हातानें ते अग्रलेख लिहिले त्याच हातानें ओझ्माचा नकार लिहिला. त्याची सासू मॅटिल्डा जॉसलिन गेज ही स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणारी आणि मूळ रहिवाशांविषयीं आदर बाळगणारी विदुषी होती. १८९२ सालीं बॉम पतिपत्नी थिऑसॉफिकल सोसायटींत दाखल झालीं. या सोसायटीचें मुख्य ठाणें १८७९ ते १८८२ पर्यंत आपल्या मुंबईंत होतें. यांपैकीं कशाचा किती परिणाम झाला हें मोजण्याचें माप नाहीं. मला एवढेंच वाटतें कीं, त्या कारंज्याच्या पाण्याची गरज एकट्या रोकाटला नव्हती.

शत्रु गेला तरी ओझ्माची काळजी जात नाहीं. विमानें निघालीं आहेत. उद्यां माणसें वाळवंटावरून उडत येतील! १९१० सालच्या वाचकाला ही भीति अगदीं ताजी होती. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला सातच वर्षें होत होतीं. म्हणून ग्लिंडा ही भली चेटकीण मंत्र घालून सारा देश बाहेरच्यांना अदृश्य करते. डोरथीची चिठ्ठी बॉमला पोंचते: यापुढें ओझची वार्ता कळणार नाहीं. लेखक हात झाडून मोकळा झाला.

हें मोकळेपण तीन वर्षें टिकलें. १९११ व १९१२ सालीं ट्रॉट नांवाची मुलगी आणि कॅप्टन बिल हा लांकडी पायाचा वृद्ध खलाशी यांना घेऊन बॉमनें एक समुद्राची व एक आकाशाची अशा दोन नव्या कथा लिहिल्या. आकाशाची कथा माझ्या मतें ओझच्या कित्येक पुस्तकांहून सरस आहे. पण खप ओझइतका झाला नाहीं. पूर्वींच्या कित्येक पुस्तकांचें उत्पन्न धनकोंकडे गेलेंच होतें. १९११ च्या जूनमध्यें त्यानें दिवाळें जाहीर केलें.

तेव्हां दार उघडणें आलें. पण मंत्रानें लावलेलें दार उघडावें कसें? १९१३ सालच्या ‘गोधडीच्या मुली’च्या आरंभीं बॉम सांगतो कीं, तोड एका बालवाचकानें सुचविली. देश दिसत नसला म्हणून काय झालें, बिनतारी संदेश तर जाईल! मग लेखकानें परसांत उंच मनोरा उभारला, बिनतारीचे धडे घेतले आणि हवेंत हांका मारण्यास सुरुवात केली. ओझमधून झिपऱ्या गृहस्थानें उत्तर दिलें. मार्कोनीचा संदेश अटलांटिक महासागर ओलांडून गेल्याला तेव्हां जेमतेम बारा वर्षें झालीं होतीं, आणि टायटॅनिक जहाज बुडतांना त्याच यंत्राच्या हांकेवर शेंकडों प्राण वांचले त्याला एकच वर्ष. विमानाच्या भीतीनें लावलेलें दार असें बिनतारीनें उघडलें.

त्यानंतर बॉमनें पुन्हां ओझ सोडलें नाहीं. वर्षाला एक पुस्तक निघत राहिलें. १९१९ सालीं हॉलिवुडच्या घरीं त्याचा अंत झाला, आणि चौदावें पुस्तक १९२० सालीं त्याच्या मागें प्रसिद्ध झालें. १९२१ पासून प्रकाशकांनीं रूथ प्लम्ली टॉम्प्सन या तरुण लेखिकेकडे मालिका सोंपविली, व तिनें आणखी एकोणीस पुस्तकें लिहिलीं. सर्व कांहीं विसरलेला रोकाटहि १९१४ सालीं नवें नांव घेऊन, जुन्या खोड्यांसह परतला होता. आणि ट्रॉट व कॅप्टन बिल? ज्या दोघांच्या भरंवशावर बॉमनें ओझकडे पाठ फिरविली, त्यांनाच त्यानें १९१५ सालीं समुद्रांतील एका भोंवऱ्यांत ओढून, गुहांगुहांतून फिरवून, अखेर पाचूनगरींत बिऱ्हाडाला आणलें.